निवडुंगाचा स्वेटर

सुधाकररावांनी आमच्या ओट्यावर झाड ठेवलं, हात झटकले आणि म्हणाले, "हे संक्रांतीपर्यंत सांभाळ. जगलं, तर पुढचं बोलू."

पुढचं म्हणजे देवश्री. देवश्री त्यांची मुलगी. आदिलाबादला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मी तिच्याशी लग्न करणार हे तिला आणि मला बरेच दिवस ठाऊक होतं, सुधाकररावांना दिवाळीच्या फराळात कळलं. तेव्हा त्यांच्या हातात चकली होती. ती त्यांनी ताटात परत ठेवली आणि मंचेरियलच्या एका खाणीतल्या इंजिनिअरचं नाव घेतलं. देवश्री म्हणाली, अमर. ते म्हणाले, अमर काय करतो? देवश्री म्हणाली, वांगी. त्यानंतर घरात बराच वेळ कुणी चकली खाल्ली नाही म्हणे.

आणि आता ते भीमपूरकडच्या आमच्या खेड्यात मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, आले होते. जन्मभर तहसील कचेरीत काढलेला माणूस. रिटायर झाले तरी शब्द कचेरीतच राहिलेत. मौक्यावर जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते सूर्य उगवला हेसुद्धा मान्य करत नाहीत.

आईनं चहा आणला. त्यांनी हात आडवा केला.

"नोकरीत असताना पक्षकाराच्या घरी मी कधी चहा घेतला नाही. निकाल लागेपर्यंत फक्त पाणी."

आई चहा घेऊन आत गेली आणि पाणी घेऊन बाहेर आली. आपण पक्षकार आहोत हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पत्र्याच्या डब्यात लावलेलं ते झाड माझ्या छातीएवढं होतं. तीन धारांचं, हिरवंगार, धारेवर जोडीजोडीनं काटे, शेंड्याला चार जाड पानं. आजीनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"हा त निवडुंग हाय," ती म्हणाली. "आमच्या धुऱ्यावर ढोरं येऊ नाई म्हणून लावते याले."

"तो निवडुंग, आजी," सुधाकरराव म्हणाले. "हा युफोर्बिया."

"बरं बापा. नाव ठेवलं त ठेवलं."

मुधोळला बदली झाली तेव्हा ते झाड बोटाएवढं होतं, असं त्यांनी सांगितलं. मग प्रत्येक बदलीत ते मांडीवर घेऊन बसनं फिरले. त्यांच्या पँटला मांडीवर रफू आहे, ते त्यामुळंच. हे सांगताना त्यांचा आवाज जरासा मऊ झाला. मी वांगी काढायला वापरतो तो हातमोजा त्यांना देऊ का, असं मला वाटून गेलं, पण त्या प्रसंगाला ते शोभलं नसतं.

"याचं करायचं काय, काका?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे पाणी किती?"

"सिफर. शून्य. थंडीत हे झाड झोपतं. झोपलेल्या माणसाच्या तोंडात तू पाणी ओततोस का?"

मी नाही म्हणालो. आबा, म्हणजे माझे वडील, काही बोलले नाहीत, ते ओततात.

"सकाळचं ऊन दाखव, आणि सोड," सुधाकरराव म्हणाले. "तुम्ही भाजीवाले लोक. हात लावल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही. माझ्या मुलीला एकटं राहायला आवडतं. तासन् तास गप्प बसते, आणि मी तिला कधी का म्हणून विचारलेलं नाही. जो माणूस एक झाड हिवाळाभर सुखानं राहू देत नाही, तो तिला काय राहू देणार?"

त्यांना आदिलाबादची थंडी सोसत नाही. दर हिवाळ्यात ते आणि देवश्रीची आई सुभद्राकाकू चेन्नईला मुलाकडे जातात, आणि इतकी वर्षं झाड त्यांच्या कुलूप लावलेल्या व्हरांड्यात एकटंच राहायचं, मजेत राहायचं. म्हणजे जे काम आजवर एका कुलपानं उत्तम केलं होतं, ते आता मला करायचं होतं.

ते गेल्यावर आम्ही चौघं झाडाभोवती उभे राहिलो.

"काईच नाई करायचं?" आबा म्हणाले.

"काईच नाई."

"थोडंसं?"

आमच्या घराला दोष देता येणार नाही. आबा बसस्टँडवर बसची वाट बघत उभे असले तरी पायाच्या अंगठ्यानं मातीत पाण्यासाठी दांड ओढत असतात. आई तांदूळ धुतले की धुवणाचं गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आधी दारात येते आणि कोण तहानलंय ते बघते. आजीनं एकदा टीव्हीवरच्या प्लास्टिकच्या फुलांना पाणी घातलं होतं. टीव्ही गेला. फुलं मात्र तेव्हापासून टवटवीत दिसतात, असं ती अजून म्हणते.

म्हणून मी सगळ्यांना शेतातल्या मोटारपंपाकडं घेऊन गेलो आणि स्टार्टरवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. आमच्याकडं खोटी शपथ कुणी देवाची घेईल, पण स्टार्टरची घेणार नाही. ऐन सीझनमध्ये मोटार जळाली तर?

मग थंडी पडली.

आमच्याकडची थंडी तेलंगणाच्या बाकीच्या लोकांना टीव्हीवर दाखवतात. सकाळी उठलं की गाव नसतं. पांढरं धुकं असतं, आणि त्यात कुठंतरी कोंबडा, कुठंतरी कुणीतरी खोकतंय, कुठंतरी स्कूटरला किक मारतंय. हळूहळू एकेक वस्तू परत येते. आधी ओट्याची कड, मग बादली, मग चिंचेचा अर्धाच बुंधा. मी घोंगडी घेऊन झाडाशेजारी बसायचो आणि गाव परत येण्याची वाट बघायचो. रोज सगळं येईलच अशी खात्री नसायची. एकदा समोरच्यांचं घर बरंच उशिरा आलं.

अशाच एका सकाळी झाडाची चार पानं ओट्यावर पडलेली दिसली.

"गेलं," आई म्हणाली.

"थंडीत गळतात," मी म्हणालो. "झोपलंय ते."

"झोपाले पानं काऊन टाकाव लागते?"

"तू नाई का झोपताना बांगड्या काढत?"

आईला हे पटलं. आजीला पटलं नाही. "हिव भरलं त्याले," ती म्हणाली. पाणी द्यायचं नाही अशी शपथ होती. कपडे द्यायचे नाहीत अशी नव्हती. तिनं माझा शाळेतला मरून स्वेटर काढला आणि झाडाला वरून घातला. काटे लोकरीत असे बसले, की आता तो उन्हाळ्यापर्यंत निघणार नाही हे बघताक्षणी कळत होतं. मग तिनं शेंड्यावर आबांची माकडटोपी चढवली. लांबून बघितलं तर ओट्यावर एक शिडशिडीत, तत्त्वाचा पक्का म्हातारा उभा होता.

दुसऱ्या दिवशी धुक्यात कापसाचा एक व्यापारी आला. आदिलाबादचा तेलुगू माणूस, आमच्याकडं पहिल्यांदाच येत होता. त्यानं चपला काढल्या, ओट्याकडं बघून हात जोडले आणि म्हणाला, "बागुन्नारा, तातय्या?"

बरे आहात ना आजोबा, असं तो विचारत होता. तातय्या बोलले नाहीत.

"दादाजी नाराज हैं क्या?" त्यानं आईला हिंदीत विचारलं.

"वो बोलते नहीं," आई म्हणाली.

"कब से?"

"पहले से ही."

व्यापाऱ्याला फार वाईट वाटलं. तो झाडाशेजारी टेकला आणि बराच वेळ स्वतःच्या वडिलांबद्दल बोलत राहिला. धुकं विरल्यावर त्याला काटे दिसले. पण तोवर त्याचं मन मोकळं झालं होतं, त्यामुळं त्यानं काही आक्षेप घेतला नाही. जाताना पुन्हा हात जोडले. आई त्याचा पेला आत घेऊन गेली.

ही बातमी गावात गेली. लोक पाव्हण्याला बघायला येऊ लागले. पाव्हणा हे नाव आजीनंच ठेवलं. युफोर्बिया म्हणताना तिच्या दातांची कवळी हलायची. येणारे आधी हसायचे, मग बसायचे, आणि मग त्यांना उठवत नसे. सकाळचं कोवळं ऊन ओट्यावर येई, कापसाच्या गाड्यांनी उडवलेली धूळ त्या उन्हात सोन्यासारखी तरंगत राही, आणि त्या मरून स्वेटरशेजारी माणसं मांडीवर हात ठेवून नुसती बसून असत. कुणी पीक विचारत नसे, कुणी भाव विचारत नसे. पाव्हणा काही करत नव्हता, आणि तो ते इतकं मन लावून करत होता, की त्याच्यापुढं काही काम काढणं बरं दिसत नसे. एकदा विठोबाच्या देवळाचे पुजारी आले ते दुपारच्या नैवेद्यापर्यंत राहिले. देव उपाशी राहिला, पण त्यानंही तक्रार केली नाही.

मीही शिकत होतो. आधी हात शिवशिवायचे. मग ते मांडीवर नीट मावू लागले. डोळे अर्धे मिटले की उन्हाचा लाल पडदा दिसायचा आणि त्यावर तीन धारांची एक हिरवी सावली. अशाच एका सकाळी मला डुलकी लागली. स्वप्नात मी मांडवात उभा होतो, अंगात मरून स्वेटर, आणि माझी सगळी पानं गळालेली. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते. लोक अक्षतांऐवजी पेल्यापेल्यानं पाणी टाकत होते. अंतरपाटाच्या पलीकडं देवश्री होती की वांगी होती, ते नीट दिसत नव्हतं. दूर खुर्चीवर बसलेले सुधाकरराव अंगठा आणि बोट जुळवून मला सारखं सिफर दाखवत होते.

जागा झालो तेव्हा माझा हात डब्यातल्या मातीवर होता. माती ओली होती.

त्या रविवारी देवश्री स्कूटरवर आली. हेल्मेट काढलं, आजीच्या पाया पडली आणि थेट झाडाकडं गेली. स्वेटरची कड वर करून तिनं बुंध्याला अंगठा लावला. अंगठा जरासा आत गेला.

"बूड मऊ झालंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सडतंय. याला पाणी मिळतंय, अमर."

ती ओरडली नाही. ती बापाची लेक आहे. ती चिडली की आवाज खाली जातो. मी तिला स्टार्टरची शपथ सांगितली. तिनं तिघांनाही समोर उभं केलं. आबा म्हणाले, मोटार चालू हाय, पोरी, जाऊन पाय. आईनं धुवणाचं गंज दाखवलं. ते ती आता लांब जाऊन कढीपत्त्याला घालत होती. आजी म्हणाली, "म्या फक्त टोपी धुतली त्याची. पिळून घातली."

तिघंही खरं बोलत होती. हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. घरातलं कुणी पाणी घालत नव्हतं आणि झाड बुडत होतं.

"बाबांनी नाही म्हटलं तर?" मी हळूच विचारलं.

"तर मी त्यांच्या मनाविरुद्ध काही करणार नाही," ती म्हणाली. "मंचेरियललाही जाणार नाही. याच्यासारखी राहीन. तू मग स्वेटर आण."

ती थट्टा करत होती आणि करत नव्हती.

तेवढ्यात राजकुमारमामा आले. आईचे भाऊ. शेजारच्या गावात त्यांचं किराणा दुकान आहे, आणि पाव्हण्याची कीर्ती ऐकून ते मुद्दाम दुकान बंद करून आले होते. आईनं पाण्याचा पेला आणून दिला. मामांनी झाडाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "वा रे पठ्ठ्या," म्हणाले, अर्धा पेला प्यायले, आणि बोलता बोलता उरलेलं पाणी डब्यात ओतलं.

त्यांनी डब्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात आपला गेला, पेला तिरका झाला, परत आला.

आम्ही सगळे मामांच्या हाताकडं बघत होतो.

"का झालं?" मामा म्हणाले. "काई लागलं का हाताले?"

आता हे सांगायला पाहिजे. आमच्याकडं दारात कुणी आलं की आधी पाणी. शत्रू आला तरी आधी पाणी, मग भांडण. आलेला माणूस हवं तेवढं पितो, पण उरलेलं पाणी फेकत नाही. पाणी फेकणं वाईट. ते जवळच्या झाडाला जातं. तुळस असेल तर तुळशीला, सदाफुली असेल तर सदाफुलीला. ही गोष्ट कुणी कुणाला शिकवत नाही, आणि आपण ती करतो हे कुणाला माहीतही नसतं. आमच्या ओट्यावर आता सगळ्यांत जवळचं झाड पाव्हणा होता. अख्खं गाव त्याला बघायला येत होतं, आणि येणारा प्रत्येक माणूस त्याला अर्धा पेला पाजून जात होता. तातय्या म्हणणाऱ्या व्यापाऱ्यानंही पाजलं असणार. वडिलांच्या आठवणीनं कदाचित जास्तच.

"कापावं लागेल," देवश्री म्हणाली.

ती जाऊन आपल्या औषधांच्या दुकानातलं नवं पातं घेऊन आली. मी फवारणीचा चष्मा लावला, कारण याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळे जातात असं म्हणतात. स्वेटर खालून उसवावा लागला. देवश्रीनं सडलेल्या भागाच्या वर पहिला काप घेतला. आत तपकिरी डाग होता. आणखी वर, अजून डाग. प्रत्येक कापाला झाड बुटकं होत होतं आणि माझं लग्न लांब जात होतं. शेवटी पांढरंशुभ्र, स्वच्छ खोड लागलं आणि त्यातून दूध धारेनं वाहायला लागलं.

आजीनं कपाळाला हात लावला. "अवं माय, दुभतं हाय हे! दुभतं जनावर कापते का कोणी?"

वाहता चीक ओल्या फडक्यानं टिपून देवश्रीनं कापावर चुलीतली राख दाबली. आता हा वरचा तुकडा सावलीत पडून सुकला पाहिजे, कापाला खपली धरली पाहिजे, त्याशिवाय मातीत ठेवायचं नाही, असं तिनं सांगितलं. छातीएवढं झाड कमरेएवढं उरलं होतं. आम्ही त्याला बाजेवर आडवं केलं. आजीनं टोपी परत घातली आणि उशाला उशी दिली.

आता लोक समाचाराला येऊ लागले. कुणीतरी नारळपाणी घेऊन आलं. आईनं ते दारातच, उभ्या उभ्या, स्वतः पिऊन टाकलं. आणि देवश्री जाताना सांगून गेली होती, की या ओट्यावर आता पाण्याचा पेला येता कामा नये.

हे आईला फार लागलं. "दारात आलेल्या मान्साले पानी नाई म्हनू? तुळजाबाईच्या घरी पानी नाई, असं म्हनन न गाव?"

तिनं दोन दिवस विचार केला आणि चहा सुरू केला. येईल त्याला चहा. चहा कुणी उरवत नाही, आणि उरवला तरी झाडाला घालत नाही. गावाला वाटलं, आमची परिस्थिती एकदम सुधारली. पाव्हण्याची कीर्ती दुप्पट झाली.

कापाला खपली धरल्यावर आबांनी तेलाचा रिकामा डबा घेतला. बुडाला भोकं पाडायची होती. इतके दिवस काही करायला मिळालं नव्हतं, त्यामुळं आबांनी खिळा आणि हातोडा घेतला आणि ते थांबेनात. डब्याची चाळणी झाली. त्यात नाल्याची जाड रेती, विटांचे तुकडे आणि थोडी माती भरली, सगळं कोरडं ठणठणीत, आणि पाव्हण्याला त्यात उभं केलं. दोन्ही बाजूंनी वांग्याच्या काठ्या बांधल्या. चुलीच्या भिंतीमागं, जिथं दुपारचं ऊन आणि चुलीची ऊब दोन्ही मिळतं, तिथं डबा ठेवला. स्वेटर आता त्याला पायघोळ होत होता.

"मुळं फुटली का कसं कळणार?" मी देवश्रीला विचारलं.

"हलकंच ओढलं की कळतं. धरून राहिलं तर फुटली."

"मग ओढून पाहू?"

"ओढलं की तुटतात," ती म्हणाली. "म्हणून ओढायचं नाही."

यापेक्षा अवघड काही मी आयुष्यात केलेलं नाही. मी शेतात जात होतो, वांगी तोडत होतो, टेम्पोवर आदिलाबादच्या बाजारात जात होतो, पण जिथं जाईन तिथं माझ्या बोटांना एक हलकंच ओढणं लटकलेलं असायचं. एक दिवस बाजारात मी गिऱ्हाईकाच्या पिशवीतला मुळा असाच हलकंच ओढून बघितला.

एकदा देवश्री आलेली असताना चेन्नईहून व्हिडिओ कॉल आला. मी घाबरून झाड पुढं ठेवलं आणि स्वतः लांब, विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो, म्हणजे ते मोठं दिसेल. फोन देवश्रीच्या हातात होता. सुधाकरराव बराच वेळ बघत राहिले.

"झाड ठीक दिसतंय," ते म्हणाले. "अमर आजारी आहे का? लहान झालाय."

"बाबा आले की मी त्यांना सगळं खरं सांगणार आहे," कॉल संपल्यावर देवश्री म्हणाली.

"मी सांगतो," मी म्हणालो.

त्या दिवशी ती उशिरापर्यंत थांबली. हरभऱ्याच्या शेतावरून धुकं परत येत होतं. आधी लांबची बाभळ गेली, मग विहीर गेली, मग आमच्या चपला. आम्ही दोघं आणि स्वेटर, एवढंच उरलं. मग ती म्हणाली, "मी कसला विचार करते, हे तू आज एकदाही विचारलं नाहीस."

"सराव करून राह्यलो," मी म्हणालो.

ती हसली असावी. धुक्यात नीट दिसलं नाही.

संक्रांतीला सुधाकरराव आले. अंगात कोट, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर चेन्नईचं ऊन. देवश्री मागं उभी होती. आबा, आई, आजी, आम्ही सगळे चुलीच्या भिंतीशी रांगेत. गावातली माणसं रस्त्यापलीकडून, आपण सहज उभे आहोत असं दाखवत बघत होती.

आणि आई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मुलीचा बाप दारात आलाय, चहा तो घेणार नाही, मग त्याला काहीच द्यायचं नाही? इतक्या आठवड्यांनी आमच्या अंगणात पाणी आलं होतं. सुधाकररावांनी पेला उजव्या हातात घेतला आणि डब्याकडं वळले.

"हे काय आहे?"

"स्वेटर," मी म्हणालो.

"स्वेटरच्या आत."

मग मी सांगितलं. बूड सडलं, ते कापून टाकलं, वरचं लावलं. कोणामुळं सडलं ते सांगायला लागलो आणि थांबलो, कारण अख्खं गाव रस्त्यापलीकडं उभं होतं. "पाणी गेलं," एवढंच म्हणालो. "माझ्याच ओट्यावर गेलं."

सुधाकरराव खाली वाकले. पेला उजव्या हातात तसाच. डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी काटे चुकवून खोड धरलं. इतक्या वर्षांची ओळख होती, कुठं धरायचं ते बोटांना माहीत होतं. आणि त्यांनी हलकंच ओढलं.

आजीनं डोळे मिटले. कुठंतरी पतंगाचा दोरा वाजत होता.

झाड आलं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं, जरा जास्त. डबा किंचित उचलला गेला, पण झाड रेती सोडेना.

"धरलंय," ते म्हणाले.

आबांनी एवढा मोठा श्वास सोडला, की माझे केस हलले.

पण सुधाकरराव उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा कचेरीचा होता. "मी छातीएवढं झाड दिलं होतं," ते म्हणाले. "मुधोळचं खोड गेलं. त्याच्यावरच्या सगळ्या बदल्या गेल्या. हे उरलंय ते जिवंत आहे, कबूल. पण शर्त पाणी न देण्याची होती. शर्त म्हणजे शर्त. मी निकाल देताना कधी माणूस बघितला नाही. मला अमर आवडत नाही असं नाही. पण एक साधी गोष्ट होती, अमर. एक झाड. नुसतं, पाणी, घालायचं, नाही."

त्यांचा घसा कोरडा पडला. त्यांनी पेला तोंडाला लावला, अर्धा प्यायले, काही तरी पुढचं आठवत हरभऱ्याकडं बघत राहिले, आणि त्यांचा उजवा हात आपला खाली गेला, पेला तिरका झाला, उरलेलं पाणी डब्यात ओतलं गेलं, आणि हात परत आला.

रस्त्यापलीकडं कुणीतरी "अरे" म्हणालं आणि गप्प झालं. रेतीनं पाणी शोषलं; तेवढा आवाज आला.

सुधाकररावांनी आमचे चेहरे बघितले. मग हातातला पेला बघितला. मग पेल्याच्या आत बघितलं. देवश्री जमिनीकडं बघत होती आणि तिचे खांदे बारीक हलत होते.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, अख्खा हिवाळाभर साठलेलं होतं, पण मी हात मांडीशी सरळ ठेवून उभा राहिलो, पाव्हण्यासारखा. त्यांनी ते बघितलं. मी काही करत नाहीये, हे ते खूप वेळ बघत राहिले.

डब्याच्या बुडातून थेंब पडला. मग दुसरा, मग एकदम पुष्कळ भोकांतून पुष्कळ. पाणी जमिनीवर जमलं, आबांच्या पायाशी आलं. आबांनी न बघता अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली, आणि पाणी त्या रेघेतून निमूटपणे कढीपत्त्याकडं चालू लागलं.

सुधाकरराव त्याच्याकडं बघत होते. ते पार कढीपत्त्यापर्यंत पोचेस्तोवर बघत होते.

मग त्यांनी गळ्यातला मफलर सैल केला, रिकामा पेला आईच्या हातात दिला आणि बाजेवर टेकले.

"तुळजाबाई," ते म्हणाले, "चहा टाका."